क्रिएटिनिन उतरल्यावर

प्रिय डॉक्टर,

राउंडच्या गडबडीत तुझा प्रश्न अर्धवट राहिला. किडनीला अचानक इजा झालेल्या या पेशंटचं क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढणारा आकडा) उतरतंय, लघवी नीट होतेय, मग त्याला अजून एवढं जपायचं कशासाठी?

इन्फेक्शनसाठी. सेप्सिसमुळे, म्हणजे इन्फेक्शनला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादामुळे, किडनी बसते हे आपण पाठ केलेलं असतं. उलटा रस्ता, आधी किडनी आणि मग इन्फेक्शन, मात्र कुणी फारसा शिकवत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पिकार्ड अभ्यासात, किडनीला अचानक इजा झालेल्या आयसीयूतल्या सुमारे ४० टक्के पेशंटना सेप्सिस झाला तो इजेनंतर, आणि साधारण पाचव्या दिवसाच्या आसपास. म्हणजे नेमका आपण निर्धास्त होऊ लागतो तेव्हा.

युरिया वाढलेल्या रक्तात पांढऱ्या पेशींचा आकडा भरपूर दिसतो, पण जंतू मारण्याची त्यांची ताकद कमी झालेली असते. अंगात पाणी साठलं की फुप्फुसं आणि आतडी सुजतात. त्यात आपण घातलेल्या नळ्या. माझ्या मते आपल्या हातात सगळ्यात जास्त काही असेल तर ते इथेच. डायलिसिस कॅथेटर कधी घातला, ती तारीख ड्रेसिंगवरच वाच, फाइलवर विसंबू नकोस. ड्रेसिंगची कड सुटली आहे का, टाक्यांभोवती लाली आहे का, दाबल्यावर दुखतं का, हे स्वतः बघ. डायलिसिस सुरू झाल्यावर थोड्याच वेळात हुडहुडी भरली, तर ब्लँकेट देऊन पुढे जाऊ नकोस. कॅथेटरमधून आणि हातातून, दोन्हीकडून ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहायची तपासणी) पाठव. आणि लघवीचा कॅथेटर ‘असू दे, मोजायला सोपं’ म्हणून ठेवलेला असेल तर काढून टाक.

ताप नाही म्हणून फसू नकोस. सलग चालणाऱ्या डायलिसिसमध्ये रक्त बाहेर फिरून गार होतं, ताप झाकला जातो. इन्फेक्शन ओळखायला रक्तात तपासतो ते प्रोकॅल्सिटोनिन किडनी बिघडल्यामुळेही थोडं चढलेलं असू शकतं. नवी गुंगी, वाढलेला श्वास, उतरतं बीपी यांवर जास्त भरवसा ठेव.

आता अँटिबायोटिक. पहिला डोस पूर्ण द्यायचा, किडनी कशीही असो. किडनी औषध बाहेर टाकणार नाही म्हणून पुढचे डोस कमी करायची आपल्याला फार घाई असते. क्रिएटिनिन घडामोडींच्या मागून चालतं आणि जीएफआरची (किडनी किती रक्त गाळते त्याची) सूत्रं ते स्थिर आहे असं धरून चालतात, त्यामुळे रोज बदलणाऱ्या आकड्यावरून केलेलं गणित चुकतं. बऱ्याच पेशंटची किडनी ४८ तासांत सावरू लागते, आणि आपण पेनिसिलिन गटातलं औषध निम्म्यावर आणून बसलेलो असतो. अमिनोग्लायकोसाइड आणि व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकची गोष्ट वेगळी, तिथे औषधाची रक्तातली लेव्हल बघूनच पुढे जायचं. कमी केलेला डोस किडनी सुधारल्यावर परत वाढवायचा असतो. ही ओळ चार्टवर क्वचितच सापडते.

घरी सोडताना क्रिएटिनिन नॉर्मल दिसलं तरी हुरळून जाऊ नकोस. आजारात मांस झडतं, त्यामुळेही आकडा खाली येतो. इन्फेक्शनचा धोका डिस्चार्जनंतरही काही काळ राहतो. फ्लू आणि न्युमोकोकलच्या (न्युमोनियाविरुद्धच्या) लसींचं विचार. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासायला बोलाव. आणि कार्डावर मोठ्या अक्षरांत लिही: ताप आला तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घ्यायचं नाही, त्याच दिवशी दाखवायला यायचं. नातेवाइकाकडून ते वाचून घे.

तुझा,
सर