एमजीबीला पंधरा इंची अलॉय बसतील का?

प्रश्न : माझ्या आजोबांनी १९७४ साली मुंबईहून आणलेली १९६७ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे ब्रिटिश बनावटीची उघडी दोन सीटर गाडी, आमच्याकडे आहे. साध्या स्टीलच्या चाकांची, स्पोकची नव्हे. गेल्या वर्षी इंजिनाचं काम केलं, गाडी आता छान चालते. मित्राकडून अलॉय चाकांचा एक संच मिळतोय. आजच्या एका छोट्या गाडीची चाकं आहेत : १५ इंची, साडेपाच इंच रुंद, चार भोकांची, पीसीडी १००, ऑफसेट ४५, वर १९५/५५ चे टायर. लेथवाला म्हणतो, अडॅप्टर करून देतो, नाहीतर रिमलाच नवी भोकं पाडू. मागे मडगार्डाला घासलंच तर आतली कड थोडी कापायची. करू का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : बाब, करू नका. अलॉय चाकांना माझा विरोध नाही. साठीच्या दशकात याच गाड्यांना लोक मिनिलाइटची आठ आऱ्यांची चाकं लावत होते आणि ती त्यांना शोभतात. पण हा संच तुमच्या गाडीचा नाही. कसा, ते एकेक करून सांगतो.

आधी भोकं. चार स्टड ज्या वर्तुळावर बसतात, त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. एमजीबीचा साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिमी. तुमच्या मित्राची चाकं १०० ची. प्रत्येक भोक सात मिमी बाहेर सरकवायचं म्हटलं, तर जुनं आणि नवं भोक एकमेकांत मिसळून लांबुळकं होतं आणि नटाला बसायला गोल कड उरत नाही. जुन्या भोकांच्या मधल्या जागेत नवी पाडायची, तर तिथे धातू भरीव असेलच असं नाही. रिम ओतताना ती जागा स्टडचा भार घेण्यासाठी केलेली नसते. अशी रिम गॅरेजमध्ये उभ्या गाडीत काही सांगत नाही. ती चोर्ला घाटाच्या वळणावर, गाडी भरलेली असताना सांगते.

आता अडॅप्टर, म्हणजे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि चाक यांच्या मध्ये बसवायची जाड चकती. इथे लेथवाल्याचा हिशेब अगदीच चुकीचा नाही, म्हणून नीट ऐका. रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारा भाग किती बाहेर आहे, तो ऑफसेट. एमजीबीला साडेपाच इंच रुंद चाक साधारण २० ते २२ मिमी ऑफसेटचं लागतं. ४५ चं चाक तसंच लावलं, तर ते तेवीस-पंचवीस मिमी आत जाऊन मागे पाट्यांना, म्हणजे लीफ स्प्रिंगना, भिडेल. मध्ये २५ मिमी जाडीचा अडॅप्टर टाकला की ऑफसेट २० होतो. कागदावर गणित सुटलं.

कागदावर माझंही सुटलं होतं. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका जुन्या दोन सीटर गाडीला असेच अडॅप्टर लावून घेतले. लेथवाल्याने हाताशी होता त्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यातून कापले, स्टड दाबून बसवले. मधोमध हबवर घट्ट बसणारी कड त्यांना नव्हती, म्हणजे सगळा भार स्टडवर. तीन आठवडे काही झालं नाही. मग एका संध्याकाळी फर्मागुडीच्या उतारावर मागून टक्‌टक्‌ ऐकू यायला लागलं. मी थांबलो, पाना घेऊन चाकाचे चारही नट तपासले. सगळे घट्ट. परत बसलो, निघालो. दोनशे मीटरवर गाडी मागून डोलायला लागली. सैल झाले होते ते आतले नट, अडॅप्टरला हबशी धरून ठेवणारे, आणि चाक काढल्याशिवाय ते दिसतच नाहीत. चाक काढलं तेव्हा अडॅप्टरची दोन भोकं अंड्याच्या आकाराची झाली होती आणि एका स्टडचे आटे चकचकीत घासले गेले होते. सोबत माझा भाऊ होता. त्या दिवसापासून माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही गाडीला अडॅप्टर लागलेला नाही. नीट यंत्रावर केलेले, मधे कड असलेले चांगले अडॅप्टर मिळतात हे मला ठाऊक आहे. तरी जो नट डोळ्यांना दिसत नाही, त्याच्यावर मी कुणाला घाटात पाठवणार नाही.

नटांविषयी आणखी थोडं, कारण चाक सुंदर मिळतं आणि माणूस जुनेच नट लावतो. तुमच्या गाडीचे स्टड अर्ध्या इंचाचे, यूएनएफ म्हणजे इंची मापाच्या बारीक आट्यांचे, इंचाला वीस आटे. आपल्याकडच्या आजच्या छोट्या गाड्यांचे १२ मिमीचे. त्यामुळे दुकानातला ‘अलॉयचा नट’ तुमच्या स्टडवर चढणारच नाही. अर्ध्या इंचाचा, आणि त्या रिमच्या बैठकीला जुळणारा नट हवा. काही रिमना शंकूसारखी बैठक असते, काहींना सपाट वॉशर आणि लांब दांड्याचा नट लागतो. शंकूचा नट सपाट बैठकीवर आवळला तर काठावरच टेकतो आणि थोड्याच दिवसांत सैल होतो. शिवाय अलॉयची रिम स्टीलपेक्षा जाड, म्हणून स्टडचा कमी भाग बाहेर येतो. हाताने नट फिरवत मोजा. पूर्ण घट्ट होईपर्यंत निदान दहा फेरे झाले पाहिजेत, म्हणजे अर्धा इंच आटा धरला. सहा-सात फेऱ्यांत बसला तर लांब स्टड घाला. शेवटी टॉर्क पाना : ६० ते ६५ पौंड-फूट, चाक बनवणाऱ्याने वेगळं सांगितलं नसेल तर. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

मडगार्डाची कड मात्र अजिबात कापू नका. तिथे आतला आणि बाहेरचा पत्रा एकत्र दुमडलेला असतो. कापला की आपल्या पावसाळ्यात पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये शिरतं आणि दोन वर्षांत गंज बाहेर दिसतो. दुसरं कारण कागदपत्रांचं. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली. तुमची गाडी आज त्यात बसते. चाक उद्या काढून मूळचं लावता येतं, कापलेला पत्रा परत येत नाही. आजोबांची स्टीलची चाकं म्हणूनच घासून, रंगवून, टायर काढून माळ्यावर ठेवा. विकू नका.

तर मग काय लावायचं? १४ इंची, साडेपाच इंच रुंद, ११४.३ पीसीडी, ऑफसेट २० ते २२, एमजीबीसाठीच केलेलं अ‍ॅल्युमिनियमचं चाक. बाहेरून मागवावं लागेल, महाग पडेल, पण एकदाच. कुणी जुनी मॅग्नेशियमची अस्सल मिनिलाइट देऊ केली तर घरात शोभेला ठेवा. खाऱ्या हवेत मॅग्नेशियम आतून खाल्लं जातं आणि रंगाखाली ते कळत नाही.

टायरची चिंता करू नका. एमजीबीचं नेहमीचं रेडियल माप १६५-१४, आणि स्विफ्ट-डिझायरमुळे १६५/८० आर १४ गावोगावच्या दुकानात मिळतो. उंचीत फरक जेमतेम सहा मिमी. थोडं रुंद हवं तर १८५/७० आर १४. मित्राच्या १९५/५५ आर १५ ची उंची मात्र १६५-१४ पेक्षा तीस मिमी कमी. म्हणजे गाडी पंधरा मिमी खाली बसणार, सायलेन्सरचा पाइप प्रत्येक गतिरोधकाला सलाम करणार, आणि वेगाचा काटा साठला त्रेसष्ट दाखवणार.

चाक हातात आलं की लगेच टायर चढवून बॅलन्सिंगला जाऊ नका. आधी चवथीची मूर्ती करणाऱ्याकडून मूठभर चिकण माती आणा. एका रिमवर टायर चढवा. लिंबाएवढे गोळे करून एक पाट्याच्या बाजूला, एक मडगार्डाच्या आतल्या कडेला चिकटवा. चाक लावा, जॅक उतरवा, दोन माणसं सीटवर आणि एक डिकीवर बसवा, गाडी दोन हात पुढे-मागे ढकला. मग चाक काढून ठसा बघा. उरलेल्या मातीत काडी टोचून जाडी मोजा. मला मागे दोन्हीकडे आठ मिमी तरी हवे असतात, कारण पाट्यांचे रबरी बुश वळणावर अ‍ॅक्सलला थोडं सरकू देतात. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी मोजा. बऱ्याच एमजीबींत अ‍ॅक्सल नेमका मधोमध नसतो आणि एकीकडचं बरोबर चाक दुसरीकडे घासतं. पुढे हेच करताना स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा.

बसवताना हबच्या तोंडावर तांब्याच्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि समुद्राची हवा एकत्र आली की वर्षभरात चाक हबला असं धरतं की पंक्चरच्या वेळी लाथा माराव्या लागतात. स्टडच्या आट्यांवर मात्र ग्रीस नको, नट आवळण्याचा अंदाज चुकतो.

मातीवरचे ठसे मोजलेत की आकडे मला कळवा. चारही चाकांचे.

प्रश्न : माझ्या एमजी मिजेटला स्पोकची चाकं आहेत. गाडी वेग घेताना आणि ब्रेक दाबताना मागून एकदा ‘कट्’ असा आवाज येतो. कशाचा?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : बहुधा हब आणि चाक यांच्यातल्या दात्यांचा, म्हणजे स्प्लाइनचा. मागचं चाक जॅकवर घ्या, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक हाताने पुढे-मागे हलवा. ब्रेक असूनही किंचित फिरलं, तर दाते झिजलेत. चाक काढून बघा. टोकदार, करवतीसारखे दिसले तर हब आणि चाक दोन्ही बदला. नवं चाक जुन्या हबवर घातलं तर तेही लवकर झिजेल. चांगले असतील तर साफ करून ग्रीस लावा आणि मधला मोठा नट तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्याने ठोकून घट्ट करा. डाव्या बाजूचा नट नेहमीच्या आट्याचा, उजव्या बाजूचा उलट्या. बाजू बदलल्या तर चालताना नट आपोआप सुटतो, म्हणून चाकं काढण्याआधी नटांवर खडूने डावा-उजवा लिहा.