वाचकांचे प्रश्न : हिशेबनिसाचा पगार मुलांच्या नावावर मागायचा का?

प्रश्न : बीड जिल्ह्यातल्या एका गावात आमची लहान संस्था आहे. आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला गेले की मागे आजीआजोबांजवळ राहणाऱ्या मुलांचे संध्याकाळचे जेवण, अभ्यास आणि दुखणेखुपणे आम्ही पाहतो. सात कार्यकर्ते आहेत आणि वर्षाचा खर्च १८ लाख रुपये आहे. अभ्यासवर्ग घेणाऱ्या ताईच रात्री हिशेब लिहितात. एका देणगीदार न्यासाने आम्हाला दोन वर्षांसाठी ६ लाख रुपये ‘क्षमताबांधणी अनुदान’ म्हणून, म्हणजे संस्थेचा कारभार मजबूत करण्यासाठी, देऊ केले आहेत, मात्र ते जेवणावर किंवा वह्यापुस्तकांवर खर्च करता येणार नाहीत. दोन विश्वस्तांना हे पैसे घेणेच पटत नाही, तर बाकीचे म्हणतात की दोन संगणक घ्यावेत आणि एक प्रशिक्षण शिबिर करावे. आम्ही नेमके काय मागावे? – सचिव, बीड जिल्हा

उत्तर : पैसे जरूर घ्या. तुमच्या दोन विश्वस्तांचा संकोच मला समजतो आणि त्याबद्दल आदरही वाटतो, कारण लोक आपल्या हातात पैसे ठेवतात ते मुलांच्या ताटाकडे पाहून. पण त्यांच्यापुढे एक हिशेब जरूर मांडा. अभ्यासवर्ग घेणाऱ्या ताई महिन्यातले किती तास व्हाउचर लावण्यात, बँकेत जाण्यात आणि सीएच्या कार्यालयात कागद पोहोचवण्यात घालवतात, हे त्यांना एक महिनाभर वहीत लिहून ठेवायला सांगा. ते तास आजही खर्च होतच आहेत आणि ते मुलांच्याच वाट्यातून जात आहेत. फरक इतकाच की ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाहीत.

मी स्वतः काही वर्षे एका बालवाडी चालवणाऱ्या संस्थेची कोषाध्यक्ष होते. आमची व्हाउचरे किराणा दुकानाच्या कापडी पिशवीत असत आणि मार्च उजाडला की ती पिशवी सतरंजीवर उपडी करून आम्ही तिघी-चौघी तारखा जुळवत बसायचो. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून ८०जी खाली, म्हणजे देणगीदाराला करसवलत देणाऱ्या आयकर कलमाखाली, मिळालेल्या देणग्यांचे विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरणे बंधनकारक झाले, आणि उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क लागू झाले. आमच्याकडून ते राहून गेले. लक्षात आले तेव्हा चार महिने उलटले होते, म्हणजे साधारण २४ हजार रुपये. बालवाडीच्या दुधाच्या खर्चात त्या वर्षी जी कपात करावी लागली ती मी आजही विसरलेले नाही. अर्धवेळ हिशेबनीस असता तर ती कपात करावी लागली नसती.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की वस्तूपेक्षा माणूस मागा. संगणक एक पुरेल, कारण दुसऱ्या संगणकावर काम करायला तुमच्याकडे आज कोणी नाही. प्रशिक्षण शिबिराबद्दलही मी सावध राहीन. शहरातल्या सभागृहात दोन दिवस ऐकलेले गावी परतल्यावर कामाच्या रेट्यात मागे पडते, आणि शिकून आलेली कार्यकर्ती संस्था सोडून गेली तर ते ज्ञानही तिच्याबरोबर जाते. त्यापेक्षा हिशेबातला एखादा जाणकार महिन्यातून एकदा तुमच्या गावी येऊन, तुमच्याच वह्या समोर घेऊन बसेल अशी सोय मागा.

आता आकडे पाहू. तुमच्या भागात अर्धवेळ हिशेबनिसाला महिना १२ हजार रुपये धरले, तर पहिल्या वर्षी पूर्ण पगार या अनुदानातून आणि दुसऱ्या वर्षी निम्माच घ्या. एकूण २ लाख १६ हजार होतात. दुसऱ्या वर्षीचा उरलेला निम्मा पगार जेवणाच्या आणि अभ्यासवर्गाच्या अंदाजपत्रकात हिश्श्याहिश्श्याने टाकायला सुरुवात करा. असे केले नाही, तर तिसऱ्या वर्षी अनुदान संपताच हिशेबनीसही जाईल आणि ताई पुन्हा रात्री व्हाउचर लावत बसतील. पुढे, तुमच्या सातपैकी सर्वांत अनुभवी कार्यकर्तीच्या वेळेचा काही भाग फक्त घरभेटी आणि इतर कार्यकर्त्यांच्या कामावर देखरेख यासाठी मोकळा करा. त्यासाठी महिना ८ हजार धरले तर दोन वर्षांचे १ लाख ९२ हजार होतात. आजीच्या घरी राहणारे मूल चार दिवस वर्गात आले नाही, तर ते आजारी आहे, शेतावर गेले आहे की मुकादमाच्या गाडीत बसून आईवडिलांकडे निघून गेले आहे, हे कोणी जाऊन पाहायचे, याचे उत्तर लहान संस्थेत बहुतेक वेळा ‘ज्याला वेळ असेल त्याने’ असे असते. हे उत्तर बदलणे मला संगणकापेक्षा कितीतरी महत्त्वाचे वाटते.

उरलेल्या १ लाख ९२ हजारांपैकी १ लाख रुपये राखीव निधी म्हणून ठेवू द्याल का, असे देणगीदारांना स्पष्ट विचारा. पुष्कळ संस्था हे विचारायलाच कचरतात. ऊसतोडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, अनुदानाचे वर्ष मात्र एप्रिल ते मार्च असते, आणि नव्या वर्षाचा पहिला हप्ता हातात पडेपर्यंत बहुधा पावसाळा सुरू होतो. मधले दोन-तीन महिने कार्यकर्त्यांनी बिनपगारी काढायचे आणि ज्यांना ते जमत नाही त्यांनी दुसरे काम शोधायचे, असे वर्षानुवर्षे चालत आले आहे. मग दिवाळीनंतर मुलांपुढे पुन्हा नवा चेहरा उभा राहतो. आईवडील नुकतेच दूर गेलेल्या मुलासाठी ओळखीचा चेहरा हीच मोठी गोष्ट असते, आणि राखीव निधी हवा तो त्यासाठी. करमुक्त न्यासाला वर्षाच्या उत्पन्नाच्या १५ टक्क्यांपर्यंत रक्कम मागे ठेवण्याची मुभा आहे, तिचाही उपयोग करा.

शेवटचे ९२ हजार एक संगणक, जाणकाराच्या मासिक भेटी आणि बालसंरक्षण धोरण लिहून कार्यकर्त्यांना ते समजावणे यांत जातील. हे धोरण कपाटात ठेवण्यासाठी लिहू नका. मुलाने काही सांगितले तर ते कोणी ऐकायचे, बाल कल्याण समितीला किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर कोणी कळवायचे, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना न देणे हा २०१२ च्या पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याखाली गुन्हा आहे, एवढे तरी स्वयंपाक करणाऱ्या मावशींपासून सचिवांपर्यंत प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

प्रस्ताव लिहिताना ‘संस्थात्मक सक्षमीकरण’ यासारखे भारदस्त शब्द टाळा आणि आजची स्थिती प्रामाणिकपणे लिहा. उदाहरणार्थ : ‘सध्या मासिक जमाखर्च तीन महिने उशिरा तयार होतो. वर्षअखेरीस तो पुढील महिन्याच्या दहा तारखेपर्यंत विश्वस्तांपुढे येईल.’ अशा दोन वाक्यांनी देणगीदाराला दहा पानांपेक्षा अधिक कळते. आणि आपली उणीव लिहिली म्हणून अनुदान हुकेल ही भीती मनातून काढून टाका, कारण हे अनुदान त्या उणिवेसाठीच आहे.

प्रश्न : नाशिकमध्ये आम्ही बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालवतो. एका कंपनीचे सीएसआर (कंपन्यांचे सामाजिक दायित्व) अधिकारी म्हणतात की कायद्याने संस्थेला ५ टक्क्यांपेक्षा जास्त प्रशासकीय खर्च देता येत नाही. पर्यवेक्षिकेचा पगारही ते त्यातच मोजतात. हे बरोबर आहे का? – कार्यकारी विश्वस्त, नाशिक

उत्तर : नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालच्या नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीने सीएसआरचा कारभार चालवण्यासाठी स्वतः केलेल्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चावर आहे. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून वगळलेला आहे. पर्यवेक्षिका पाळणाघरावरच देखरेख करते, तेव्हा तिचा पगार प्रकल्पखर्चातच दाखवा. हिशेबनिसाचे काही काम त्या प्रकल्पापुरते असेल, तर पगाराचा तो हिस्साही कामाच्या तासांची नोंद ठेवून तिथेच दाखवा. नियमाची प्रत सोबत घेऊन, शांतपणे आणि लेखी विचारणा करा. अनेकदा अधिकाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, आधीच्या अधिकाऱ्याकडून ऐकलेले ते पुढे सांगत असतात.

या गैरसमजाला थोडा इतिहास आहे. २०१४ च्या नियमांत, अंमलबजावणी करणाऱ्या संस्थांची क्षमता वाढवण्यावर कंपनी खर्च करू शकते असे स्पष्ट लिहिले होते, पण तो खर्च आणि प्रशासकीय खर्च मिळून ५ टक्क्यांच्या आत बसवायचा होता. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीत ती तरतूद गेली, म्हणून ‘क्षमताबांधणी’ या नावाने पैसे द्यायला कंपन्या आता बिचकतात. त्याच दुरुस्तीपासून सीएसआरचा पैसा संस्थेच्या कायम निधीत, म्हणजे कॉर्पसमध्ये, देता येत नाही. तेव्हा राखीव निधीसाठी कंपनीकडे न जाता खाजगी न्यास आणि व्यक्तिगत देणगीदारांकडे जा. त्यांच्यात या बाबतीत चांगला बदल होतो आहे. २०२१ मध्ये एडेलगिव्ह फाउंडेशनने अनेक देणगीदार एकत्र आणून सुमारे शंभर तळागाळातल्या संस्थांच्या याच गाभ्याच्या, म्हणजे संस्था चालवण्याच्या, खर्चासाठी ‘ग्रो फंड’ उभा केला. त्याच वर्षी ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने भारतातल्या नामांकित संस्थांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचा अप्रत्यक्ष (कोणत्याही एका प्रकल्पावर थेट न होणारा) खर्च ५ टक्क्यांपासून ५१ टक्क्यांपर्यंत आढळला. सर्वांना एकच टक्का लावणे किती गैर आहे, हे यावरून देणगीदाराला दाखवता येईल.

प्रश्न : मुंबईतली एक मोठी संस्था तिच्या परदेशी देणगीतून आमच्या कार्यकर्त्यांच्या पगारासाठी दरवर्षी मदत करत असे. आता ती म्हणते की कायद्याने मनाई आहे. यावर काही मार्ग आहे का? – संस्थाचालक, सांगली

उत्तर : त्यांचे म्हणणे खरे आहे. २०२० च्या एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) दुरुस्तीने परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला देण्यास पूर्ण बंदी घातली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. याची झळ तुमच्यासारख्या लहान संस्थांना सर्वांत जास्त बसली, याचे मला मनापासून वाईट वाटते. देशातल्या देणग्यांतून ती संस्था तुम्हाला अजूनही मदत करू शकते. फक्त २०२३ च्या अर्थ अधिनियमानुसार अशा देणगीचा ८५ टक्के भागच आयकराच्या हिशेबात तिच्या बाजूने खर्च म्हणून धरला जातो, हे तिच्या सीएशी बोलताना लक्षात असू द्या.

प्रश्न : आमचे एक विश्वस्त गेल्या वर्षी वारले. नव्या विश्वस्तांची निवड झाली, पण अनुदान देणारे म्हणतात की धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत जुनीच नावे आहेत. – कोषाध्यक्ष, अहिल्यानगर

उत्तर : बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (विश्वस्तांमधील बदलाचा अहवाल) दाखल करायचा असतो. तुमची मुदत गेली आहे, म्हणून विलंब माफीच्या अर्जासह तो याच आठवड्यात दाखल करा. मृत्यूचा दाखला, निवडीच्या सभेची सूचना, ठरावाची प्रत आणि नव्या विश्वस्तांचे संमतिपत्र सोबत जोडा. निकाल लागायला वेळ लागतो, तोवर दाखल केल्याची पोच आणि ठरावाची प्रत अनुदान देणाऱ्यांना पाठवा आणि पहिला हप्ता त्या आधारावर द्यावा अशी लेखी विनंती करा. वकिलाची फी भरायला पैसे नाहीत म्हणून हे काम लांबले असेल, तर पुढच्या क्षमताबांधणीच्या अर्जात त्या फीची वेगळी ओळ निःसंकोच घाला.