सामान्य लोकांनी एकत्र येऊन हवामान बदलाविरुद्ध काम केल्यास प्रत्यक्ष फरक पडतो का?

होय, पडतो, मात्र तो प्रत्येकाने आपापल्या घरी केलेल्या काटकसरीपेक्षा लोक ऊर्जा प्रकल्पांच्या मालकीत किंवा कायदेशीर मागणीत भागीदार झाल्यावर अधिक ठळकपणे दिसतो. डेन्मार्कमधील साम्सो या सुमारे ४,००० वस्तीच्या बेटाची १९९७ मध्ये अक्षय ऊर्जेच्या प्रयोगासाठी निवड झाली आणि तेथील शेतकरी, रहिवाशांच्या सहकारी संस्था व नगरपालिका यांनी पवनचक्क्यांमध्ये स्वतःचे पैसे गुंतवल्यामुळे (शेजाऱ्याची पवनचक्की डोळ्यांत खुपते, स्वतःची खुपत नाही) दहा वर्षांच्या आत बेटावर वापरापेक्षा अधिक वीज निर्माण होऊ लागली. नेदरलँड्समध्ये उर्गेन्डा या संस्थेने सुमारे ९०० नागरिकांसह सरकारवर दावा दाखल केला. त्यांच्या बाजूने लागलेला २०१५ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कायम केला आणि २०२० अखेरपर्यंत हरितगृह वायूंचे (तापमान वाढवणाऱ्या वायूंचे) उत्सर्जन १९९० च्या तुलनेत किमान २५ टक्क्यांनी घटवणे सरकारला बंधनकारक ठरले. अर्थात, साम्सोच्या गुंतवणूकदारांना विजेच्या हमीभावाचा आधार होता आणि नेदरलँड्समधील २०२० च्या घटीत कोविडकाळातील निर्बंधांचाही वाटा होता, त्यामुळे सारे श्रेय केवळ लोकसहभागाला देता येत नाही.