व्हॅक्यूम व्हॉल्व्ह तपासताय? आधी होज बघा

गाडीच्या इंजिनातले व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) चालणारे व्हॉल्व्ह तपासायला सुरुवात करताय ते छानच, पण लगेच व्हॉल्व्ह खोलायला घेऊ नका. आधी सगळे व्हॅक्यूम होज (रबरी नळ्या) हाताने चाचपून बघा, टोकाला कडक झालेत का, चिरलेत का, कारण बऱ्याचदा दोष तिथंच असतो आणि लोक उगाच नवा व्हॉल्व्ह आणून बसवतात. होज काढताना प्रत्येकाला चिकटपट्टी लावून नंबर टाका, फोटोही काढा.

मग व्हॅक्यूम देणारा, गेजवाला (काट्याचा) हातपंप घ्या. ईजीआरपासून, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हपासून, सुरुवात करा:

- इंजिन बंद ठेवून व्हॅक्यूम द्या, काटा जागेवर राहिला पाहिजे. हळूहळू पडला तर डायफ्राम (व्हॉल्व्हमधला पातळ पडदा) फाटलाय. (एक्झॉस्टच्या दाबावरही अवलंबून असणाऱ्या पॉझिटिव्ह बॅकप्रेशरवाल्या प्रकारात मात्र इंजिन बंद असताना व्हॅक्यूम टिकतच नाही, तो चांगला असून फेकू नका.)
- साध्या प्रकारात गरम इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) ठेवून व्हॅक्यूम द्या. इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं तर उत्तम, व्हॉल्व्ह चालतोय! काहीच फरक नाही पडला तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा कार्बनने रस्ता बुजलाय.

आणि आयडलला ईजीआरच्या होजमध्ये व्हॅक्यूम नाही म्हणून घाबरू नका, बहुतेक गाड्यांत तो थ्रॉटल उघडल्यावरच (ॲक्सिलरेटर दाबल्यावर) येतो, तोही इंजिन तापल्यावर. व्हॉल्व्ह खूप तापतो, हातमोजे घालाच.

थर्मल स्विच, डिले व्हॉल्व्ह वगैरे नंतर बघू, आधी एवढं करा आणि काटा काय दाखवतो ते सांगा.