डोंगरावरच्या रिपीटरचं प्रोग्रॅमिंग ऑफिसात बसून करता येतं का?

येतं, पण पहिल्यांदा एकदा लॅपटॉप घेऊन वर चढावंच लागेल. तुमचा रिपीटर (वॉकीटॉकीचा सिग्नल पकडून पुन्हा लांबवर पाठवणारं यंत्र) मोटोरोलाचा मोटोट्रबो डिजिटल आहे असं धरून सांगतो. त्यात आयपीवरून प्रोग्रॅमिंग आधी यूएसबी केबल लावून चालू करावं लागतं, शिवाय स्थिर आयपी अ‍ॅड्रेस आणि पासवर्ड टाकायचा, मग पुढचं सगळं सीपीएस या मोटोरोलाच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमधून नेटवर्कवर होतं. साइटवर फोरजी सिमचा राउटर असेल तर बहुतेक वेळा पब्लिक आयपी मिळतच नाही, म्हणून राउटरकडूनच ऑफिसच्या व्हीपीएनला (इंटरनेटवरच्या खाजगी, सुरक्षित जोडणीला) जोडून घ्या, पोर्ट उघडा ठेवायच्या भानगडीत पडू नका.

कलर कोड (आपली रेडिओ सिस्टिम ओळखायचा आकडा), पॉवर, टाइमआउट (सलग बोलायची मर्यादा) वगैरे बदलणं सोपं. फ्रिक्वेन्सीचं मात्र तसं नाही, सॉफ्टवेअर निमूट नवीन आकडा घेतं पण डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर पाठवणं आणि घेणं वेगळं ठेवणारा फिल्टर) जुन्याच फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेला असतो, तो हातानेच फिरवावा लागतो, नाहीतर रेंज बसते आणि परत येणाऱ्या पॉवरने पीए (पॉवर अ‍ॅम्प्लिफायर) तापतो ते वेगळंच (आणि लायसन्समध्ये ती फ्रिक्वेन्सी हवी हे सांगायला नकोच).

राइट करण्याआधी रीड करून जुना कोडप्लग (रिपीटरमधल्या सगळ्या सेटिंगची फाइल) सेव्ह करा. राइट झाल्यावर रिपीटर रीस्टार्ट होतो, तेवढा वेळ सगळे हँडसेट मुके, त्यामुळे शिफ्ट बदलताना करू नका. आयपी सेटिंगला लांबून हात लावू नका, मी एकदा गेटवेचा (म्हणजे राउटरच्या पत्त्याचा) एक आकडा चुकवला आणि भर पावसात वर जावं लागलं.

फर्मवेअर? तेही नेटवर्कवरून टाकता येतं.