नऊ वर्षं काम केलं, की करतोय?

समुपदेशनासाठी येणाऱ्या नोकरदारांची एक तक्रार ठरलेली असते. ‘ताई, व्याकरण पाठ आहे, पण बोलायला लागलं की हॅव-हॅज कुठे लावायचं तेच सुचत नाही.’ वडोदऱ्यातल्या मराठी घरांतून हे मी विशेष ऐकते. घरी मराठी, शाळा गुजराती, आणि इंग्रजी बोलायची वेळ येते ती थेट मुलाखतीत. आज ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दांडिया बाजारात वाढलेले हे गृहस्थ नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यात शिफ्ट ऑपरेटर. दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला गेले तेव्हा अनुभवाबद्दल विचारलं. ते म्हणाले, ‘आय वर्क्ड इन धिस प्लँट फॉर नाइन इयर्स.’ समोरून लगेच प्रश्न आला, मग नोकरी का सोडलीत? सोडलेली नव्हतीच. सावरायला म्हणून ते ‘आय ॲम वर्किंग सिन्स नाइन इयर्स’ म्हणाले आणि पुढे पार गडबडून गेले. त्या दिवसापासून घरीही त्यांनी इंग्रजीचा शब्द काढला नाही. मुलगी इंग्रजी माध्यमात सातवीला आहे. ती चुका काढेल ही धास्ती.

‘माझं डोकंच चालत नाही,’ असं ते दोनतीनदा म्हणाले. ते मला आधी खोडून काढायचं होतं, कारण त्यांची चूक अगदी सरळ वाटेने आलेली होती. मराठीत ‘नऊ वर्षांपासून काम करतोय’, गुजरातीत ‘नव वरसथी काम करूं छूं’. दोन्हीकडे वर्तमानकाळावर भागतं. इंग्रजीत भागत नाही. मागे सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं काम सांगायला तिथे ‘आय हॅव वर्क्ड हियर फॉर नाइन इयर्स’ किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग हियर’ असंच म्हणावं लागतं. मुदत सांगताना फॉर, सुरुवात कधीपासून ते सांगताना सिन्स: फॉर नाइन इयर्स, पण सिन्स २०१६. नुसतं ‘वर्क्ड’ ऐकलं की समोरचा धरून चालतो, ती नोकरी संपली. मुलाखत घेणाऱ्याने त्यांचं वाक्य बरोबरच ऐकलं होतं.

शाळेत त्यांनी पाठ केलेला नियम होता: क्रिया नुकतीच पूर्ण झाली असेल तर हॅव किंवा हॅज, आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. या अर्धवट व्याख्येने किती जणांना छळलंय! मिनिटापूर्वीची गोष्ट ‘अ मिनिट अगो’ म्हणून सांगितली की इंग्रजीत साधा भूतकाळ येतो. उलट ‘हॅव यू एव्हर सीन स्नो?’ हा प्रश्न माणसाच्या अख्ख्या आयुष्याबद्दल असतो, तरी तिथे हॅव लागतो. नुकतं की जुनं, यावर गाडी अडतच नाही. बोलणारा आत्ताच्या क्षणाशी धागा जोडतोय की नाही, एवढंच पाहायचं.

हे त्यांना नुसतं असं सांगून समजलं नसतं. मी त्यांना शिफ्ट बदलताना लॉगबुकात लिहितात तशी एक ओळ लिहायला सांगितली. त्यांनी लिहिलं, ‘पंप टू हॅज ट्रिप्ड.’

‘हे वाचून पुढच्या शिफ्टचा माणूस काय करेल?’

‘आधी पंपाकडे धावेल. बंद आहे ना तो.’

‘आणि तुम्ही ‘पंप टू ट्रिप्ड ॲट २.१०’ लिहिलंत तर?’

‘मग रात्री बंद पडला होता एवढंच कळेल. आता चालू आहे का, ते पुढच्या ओळीत बघावं लागेल.’ बोलता बोलता ते थांबले. ‘म्हणजे ताई, घड्याळ आलं की हॅव काढायचा?’

हो, घड्याळ, तारीख, काल, गेल्या वर्षी, यातलं काहीही आलं की काढायचा, फक्त त्याच्या आधी सिन्स असेल तर ठेवायचा. मराठीत ‘मी कालच आलो आहे’ चालतं, म्हणून ‘आय हॅव कम यस्टरडे’ सहज तोंडात येतं. पण इंग्रजीत ते चूक. मग आम्ही शहराबद्दल बोलायचा सराव केला. सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं: तिथे ‘स्टार्टेड’, कारण साल दिलंय. युनिव्हर्सिटी १९४९ पासून आहे: ‘हॅज बीन हियर सिन्स १९४९’, कारण ती आजही आहे. सकाळी अकराला ते म्हणाले, ‘आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग.’ बरोबर. तेच दुपारी चारला सांगायचं तर ‘आय हॅड’, कारण सकाळ सरली. ‘ही हॅज गॉन टू सुरत’ म्हणजे तो परत आलेला नाही, आणि ‘ही हॅज बीन टू सुरत’ म्हणजे जाऊन आलाय, हा फरक त्यांना रजेच्या अर्जांमुळे फार पटकन कळला.

मुलीला मी मुद्दाम यात घेतलं. रोज जेवणानंतर त्यांनी दिवसभरातल्या दोन गोष्टी तिला इंग्रजीत सांगायच्या आणि तिने मध्ये टोकायचं नाही, असं ठरलं. एकदा ती म्हणाली, मालिकेत तर ‘आय ऑलरेडी एट’ म्हणतात. अमेरिकेत बोलताना तसं चालतं. ब्रिटिश वळणात ‘आयव्ह ऑलरेडी ईटन’. त्या ‘आयव्ह’मधला व इतका हलका असतो की आपल्या कानाला नुसतं ‘आय’ ऐकू येतं आणि ऐकून ऐकून आपणही तो गाळतो. म्हणून सुरुवातीला तरी ‘आय हॅव’ पूर्ण म्हणा, असं मी सगळ्यांनाच सांगते.

पुढच्या मुलाखतीत त्यांच्या इतर चुका झाल्याच. पण नऊ वर्षांचं वाक्य त्यांनी नीट म्हटलं आणि समोरच्याने विचारलं, ‘तुमचा नोटीस पिरियड किती?’ निकाल अजून यायचा आहे. तोवर रात्रीच्या दोन गोष्टी चालू आहेत, आणि मुलगी आता तिसरीही मागते.