बागेची फाइल कुठे कुठे जाते?

पत्र : मी दांडिया बाजारात राहते. महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. शहरातल्या बागा आणि झाडं यांच्यासाठी काम करायचं मनात आहे. उन्हाळ्यात सहा आठवडे एका नगरपालिकेच्या उद्यान खात्यात इंटर्नशिप केली. रस्त्यावर झुकलेली एक मोठी फांदी तोडायची होती. वीज कंपनीला पत्र, रस्ते विभागाला पत्र, पोलिसांना पत्र. मी परत आले तरी फांदी तिथेच. बाबा म्हणतात, बी.एड. कर आणि शाळेत लाग. झाडांसाठी शिकले आणि आयुष्यभर फाइलीच फिरवल्या, असं तर होणार नाही ना?

उत्तर : ती फांदी तुला अजून टोचते आहे, हे पत्रात दिसतं. मला ते फार आवडलं.

पण एक गोष्ट वेगळ्या नजरेनं बघ. जो तुला अडथळा वाटला, त्यालाच या क्षेत्रात काम म्हणतात. उद्यान खात्याच्या ताब्यात झाड असतं. त्याच्या डोक्यावरची तार वीज कंपनीची, बुंध्याशेजारचा रस्ता दुसऱ्या विभागाचा आणि मुळांखालची गटारलाइन तिसऱ्याचीच. या सगळ्यांना वेळेवर एका जागी आणणारा माणूस नसला, की काय होतं ते तू सहा आठवडे पाहिलंस.

आपली बडोद्याची कमाटी बागच घे. १८७९ मध्ये सयाजीराव महाराजांनी ती उभी केली. काळ्या घोड्याच्या पुतळ्यापासून आत शिरलीस की बाग महापालिकेची, पण म्युझियम राज्य सरकारचं. प्राणिसंग्रहालय महापालिका चालवते, तरी त्याचा आराखडा केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. मधून विश्वामित्री वाहते, आणि तिच्यातली मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तिथे वनखातं आलं. पुलावर उभं राहून शेंगदाणे खाताना यातलं काही जाणवत नाही.

२०२४ च्या ऑगस्टमधला पूर तू पाहिला आहेस. त्यानंतर नदी खोल आणि रुंद करायचं काम निघालं. खोदकाम करायचं तर पाणी ओसरलेलं हवं, म्हणजे पावसाळ्याआधीचे महिने. नेमक्या त्याच महिन्यांत मगरीची मादी काठावर खड्डा करून अंडी घालते, आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. इंजिनिअरला आणि मगरीला एकच काठ, एकाच वेळी हवा असतो. म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत मगरींची गणना झाली. आता विचार कर, या टेबलावर वनस्पतिशास्त्र शिकलेल्या मुलीला काय सांगता येईल? काठावरचं कोणतं झाड माती धरून ठेवतं, कोणतं काढलं तर दरड ढासळेल, नवीन लावायचं ते पुराच्या पाण्यात किती दिवस तग धरेल. हे सांगणारं कुणी नसलं तर सगळ्या झाडांची नोंद 'झाडी' या एका शब्दात उरकली जाते.

आता मुख्य मुद्दा. बागेचं नशीब रोपं लावायच्या किती तरी वर्षं आधी ठरतं. शहराभोवतीचा विकास आराखडा वुडा, म्हणजे बडोद्याचं नगरविकास प्राधिकरण करतं, त्याखाली टीपी स्कीम, म्हणजे एकेका भागातल्या जमिनी नव्यानं आखणाऱ्या नगररचना योजना येतात, योजनेचा मसुदा मंजूर झाला की सरकार नगररचना अधिकारी नेमतं. गुजरातच्या १९७६ च्या कायद्यात टीपी स्कीममधली किती जमीन सार्वजनिक कामांना ठेवता येते ते लिहिलेलं आहे : रस्त्यांना १५ टक्के, बागा-मैदानं-मोकळ्या जागांना ५, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींना ५. ते पाच टक्के नकाशावर कुठे पडतात, यावर सगळं अवलंबून आहे. मी एका नव्या वस्तीत बागेचा प्लॉट पाहिला. तिकोनी तुकडा, वरून उच्च दाबाची तार. लोकांनी हौसेनं कडुनिंब लावले होते, पेव्हर ब्लॉकची वाट झाली होती. दोन महिन्यांत ड्रेनेजवाल्यांनी ती वाट उभी उकरली. रोपं मातीच्या ढिगाखाली गेली, कमरेएवढी वाढलेली. त्या ड्रेनेज लाइनचा नकाशा आधीपासून तयार होता. तो बागेच्या नकाशावर ठेवून कुणी पाहिला नव्हता, एवढंच. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं.

म्हणून तुला सांगते, नकाशा वाचायला शीक. जीआयएस शीक, म्हणजे संगणकावर नकाशे एकावर एक ठेवून पाहायचं तंत्र. त्याचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, घरच्या लॅपटॉपवर चालतं.

पदव्युत्तर शिक्षणाचं स्पष्टच लिहिते. लँडस्केप आर्किटेक्चरला बहुतेक ठिकाणी आर्किटेक्चरची पदवी मागतात, त्यामुळे तिकडे धावू नकोस. नगरनियोजनाच्या एम.प्लॅन या पदव्युत्तर पदवीला नुसत्या बी.एस्सी.वर सहसा प्रवेश मिळत नाही. काही संस्था भूगोल किंवा पर्यावरणाची एम.एस्सी. चालवून घेतात. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाची आणि भोपाळच्या नियोजन व वास्तुकला संस्थेची यंदाची पात्रता स्वतः वाच. माझा कल पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.कडे आहे, सोबत जीआयएस. महापालिकांच्या उद्यान विभागातल्या जुन्या जाहिराती गोळा करून पदांपुढची पात्रता वहीत उतरवून काढ. बऱ्याच जागांना कृषी किंवा उद्यानविद्येची पदवी लागते. हे आज कळलेलं बरं. टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही खुर्च्या आहेत. यूपीएससीच्या भारतीय वनसेवेला वनस्पतिशास्त्राची पदवी चालते. रस्ते आणि पुलांच्या कामांसाठी झाडांची मोजणी आणि पर्यावरण अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्यांनाही अशी माणसं लागतात.

आणखी एक, आपल्या बडोद्याच्या मराठी मुलींना मी नेहमी सांगते : गुजराती तुम्ही घरच्यासारखी बोलता, पण खात्याचं पत्र गुजरातीत लिहा म्हटलं की पेन थांबतं. ते शीक. विषय, संदर्भ, मागणी, तारीख, चार ओळींत.

सराव त्या फांदीवरच कर. कोणतं पत्र कुणाला, कोणत्या तारखेला गेलं, त्यात काय मागितलं, उत्तर आलं का, हे एका कागदावर मांड. बहुधा दिसेल, की प्रत्येकानं दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहिली. अशा वेळी एक संयुक्त स्थळपाहणी ठरवतात : तारवाला, रस्तेवाला, पोलीस आणि उद्यानवाला एकाच सकाळी झाडाखाली, आणि तिथेच इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या. तुझ्या त्या नगरपालिकेतल्या साहेबांना तो कागद दाखव आणि पाहणीचं सुचवून बघ.

बाबांची काळजी रास्त आहे, त्यांच्याशी वाद घालू नकोस. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं. त्यांच्याकडे दोन वर्षं माग, आणि मागताना हे पत्र आणि जाहिरातींची ती वही, दोन्ही त्यांच्यासमोर ठेव.